गिअरचा दांडा कुठे होता?

जुलै १९७४. रात्रीचे दोन वाजून गेलेत आणि कुणीतरी तुमच्या दारावर काठी आपटतंय.

"मास्तर, उठा. फौजदारसाहेबांनी बोलावलंय. घाटात ॲक्सिडेंट झालाय, पंच पाहिजेत."

तुम्ही खंडाळ्याच्या पोस्टातले कारकून आहात. मास्तर नाही, पण पोस्टाच्या खिडकीआड बसणाऱ्या कुणालाही गाव मास्तरच म्हणतं. कायदा म्हणतो, पंच म्हणून शेजारपाजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी घ्यावेत. रात्री दोन वाजता प्रतिष्ठित कोण, तर ज्याचं घर हवालदाराला ठाऊक आहे तो. तुम्ही छत्री उचलता, लेंग्यावरच रेनकोट चढवता आणि जीपमध्ये मागे बसता. दुसरा पंच तिथे आधीच बसलाय. तो घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारा मामा. मामांनी आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "काही नसतं हो," ते विडी पेटवत म्हणतात, "सही करायची, चहा प्यायचा, घरी जायचं."

जुना मुंबई-पुणे रस्ता, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. द्रुतगती मार्ग यायला अजून पाव शतक आहे. मुंबई आणि पुणे यांच्यामधला सगळा माल, सगळ्या एसट्या, सगळी लग्नाची वऱ्हाडं याच एका घाटातून चढतात नि उतरतात. धुकं असं की जीपचे दिवे दहा हातांवर विझल्यासारखे वाटतात. वळणावर जीप थांबते. पहिल्यांदा नाकाला कळतं. जळल्याचा एक कडवट वास. टायर नाही, लाकूडही नाही. ब्रेकचे लायनर जळाले की हा वास येतो. घाटातल्या ड्रायव्हर लोकांना तो अंधारातही ओळखू येतो. ट्रकच्या मागच्या चाकांच्या ड्रमवर पावसाचे थेंब पडतात आणि अजूनही वाफ निघते.

ट्रक कोल्हापूरहून गुळाच्या ढेपा घेऊन मुंबईला चालला होता. खालून चढणाऱ्या फियाटवर तो समोरून आदळलाय आणि तिला कठड्यापर्यंत ढकलत घेऊन गेलाय. फियाट चालवणारे गृहस्थ जागीच गेले. शेजारच्या बाई जिवंत होत्या. एका एसटीच्या ड्रायव्हरने त्यांना गाडीत घेऊन दवाखान्यात नेलं. त्याच्याआधी इथून बऱ्याच गाड्या गेल्या. कुणी थांबलं नाही, कारण थांबणाऱ्याला आधी पोलीस आणि मग कोर्ट चुकत नाही, असा लोकांचा अनुभव. जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालय ठणकावून सांगणार आहे १९८९ मध्ये. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांना त्याच न्यायालयाची मोहोर लागेल २०१६ मध्ये, आणि मोटार वाहन कायद्यात तसं कलम येईल २०१९ मध्ये. तुम्ही उभे आहात त्या रात्री यातलं काहीच नाही. त्या एसटीच्या ड्रायव्हरला पोलीस पुढचे चार महिने जबाबासाठी बोलावणार, हे तुम्हाला मामा सांगतात.

हवालदार मात्र आधी भलतंच काही शोधतोय. बॅटरीच्या उजेडात किलोमीटरचा दगड. हद्द कुणाची? वर पुणे जिल्हा, खाली कुलाबा. (कुलाब्याचा रायगड १९८१ मध्ये झाला.) अपघात पन्नास पावलं खाली झाला असता तर हे प्रेत, हा ट्रक आणि हे सगळं लिखाण दुसऱ्या ठाण्याचं झालं असतं. अशी इच्छा मनात आली तरी बोलून दाखवायची नसते. दगड सापडतो. हद्द आपलीच.

फौजदार निवृत्तीला आलेले आहेत. तीन महिन्यांपूर्वी, १ एप्रिलला, देशात नवीन फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, पण त्याचं त्यांना विशेष वाटत नाही. खबर १५४, जबाब १६१, अकस्मात मृत्यूचा पंचनामा १७४. तपासाच्या कलमांचे आकडे १८९८ च्या संहितेत होते तेच राहिलेत. "कायदा बदलला, आमचं पाठांतर वाचलं," असं ते म्हणतात नि प्रेताकडे वळतात.

मरणोत्तर पंचनामा आधी. गॅसबत्ती धरायला तुम्हीच. प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला, हात कसे, जखमा कुठे, अंगावर कपडे कोणते, मनगटावर घड्याळ आहे का, अंगठी आहे का. घड्याळ आणि अंगठी लिहिणं महत्त्वाचं, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत वस्तू हरवतात. शेवटी 'आम्हा पंचांचे मते' मरण कशाने आलं ते. रायटर, म्हणजे फौजदारांचा लेखनिक, ते मत तुम्हाला न विचारताच लिहून टाकतो. इथे त्याची काही चूक नाही. छातीत घुसलेलं स्टिअरिंग तुम्हालाही दिसतंय.

मग घटनास्थळाचा पंचनामा, आणि इथे जरा थांबा. कारण या रात्रीतलं खरं काम आता सुरू होतंय आणि रायटरच्या मते ते संपलेलं आहे. जीपच्या बॉनेटवर छत्रीखाली कागद, मध्ये कार्बन, आणि त्याचं पेन कुणी न सांगता धावतंय: सदर ट्रकचालकाने आपल्या ताब्यातील ट्रक हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...

हे वाक्य तुम्ही पुढेही वाचणार आहात. पन्नास वर्षं वाचणार आहात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही ठाण्यात अपघाताची कोणतीही फिर्याद उचला, हे वाक्य लग्नपत्रिकेतल्या श्रीगणेशासारखं ठरल्या जागी असतं. गंमत अशी की त्याने काहीच सिद्ध होत नाही. सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी मुंबई उच्च न्यायालयात १९०२ सालीच सांगून ठेवलंय की दंड संहितेचं ३०४-अ लावायचं तर मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजी कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे. त्या कृत्याशिवाय मृत्यू झाला नसता एवढं म्हणून भागत नाही. आणि 'भरधाव' म्हणजे किती? १९९८ मध्ये कर्नाटकातला एक ट्रक उलटून पंधरा माणसं गेल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे येईल. साक्षीदार सांगतील, ट्रक खूप वेगात होता. न्यायालय म्हणेल, वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, तुमच्या लेखी वेगात म्हणजे काय हे कुणीच सांगितलेलं नाही, आणि नुसत्या वेगाने निष्काळजीपणा ठरत नाही. आरोपी सुटेल. पंधरा मृत्यू एका विशेषणावर टांगले तर असंच होणार.

तुमच्या नशिबाने आज फौजदारांच्या पिशवीत कापडी टेप आहे. ते रायटरला थांबवतात. किलोमीटरचा दगड हा पक्का बिंदू. तो उद्या हलणार नाही. तिथून रस्त्याच्या कडेने किती फूट खाली, आणि तिथून काटकोनात किती फूट आत, असं करत ट्रकचं प्रत्येक चाक, फियाटचं प्रत्येक चाक, काचांचा ढीग, सांडलेल्या तेलाचा पट्टा, गुळाच्या फुटलेल्या ढेपा. टेपचं एक टोक मामांच्या हातात, दुसरं तुमच्या. काचा आणि सुटलेली माती जिथे सर्वांत दाट पडते, तिथे बहुधा टक्कर झालेली असते. गाड्या मागाहून कुठेही सरकोत. हा ढीग रस्त्याच्या मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला आहे, एवढ्यावर कोण कुणाच्या बाजूत शिरलं ते कळतं. पाऊस आणि रहदारी सकाळपर्यंत हा ढीग ठेवणार नाहीत.

फियाटच्या चाकांचे ओरखडे दिसतात, फिकट का होईना. ट्रकच्या चाकांचे जवळपास नाहीतच. "नाहीत, असं लिही," फौजदार रायटरला सांगतात. रायटर चमकून बघतो. जे नाही ते कशाला लिहायचं? पण चाक आवळलं गेलं असतं तर घासलं असतं. घासलं नाही म्हणजे ब्रेक लागला नाही किंवा धरला नाही.

ओरखड्यांवरून वेग काढता येतो, हे १९७४ मध्येही शाळेतल्या पदार्थविज्ञानाएवढंच सोपं आहे, पण या घाटात कुणी ते करत नाही. ओरखड्याची मीटरमधली लांबी, घर्षणाचा गुणांक आणि २५४ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. सपाट रस्त्यावर तीस मीटरचा ओरखडा असेल, रस्ता कोरडा असेल आणि गुणांक ०.७ धरला, तर वेग साधारण ७३. तोच ओरखडा ओल्या रस्त्यावर, गुणांक ०.४ धरून, साधारण ५५. उतार असेल तर आणखी कमी. म्हणजे 'रस्ता ओला होता' हे तीन शब्द लिहायचे राहिले तर ताशी अठरा किलोमीटरचा फरक पडतो.

क्लीनर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलाय. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं. ड्रायव्हर पळालाय; जमाव मारेल या भीतीने पळतात, आणि पळाले की रक्त तपासता येत नाही. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत सगळं बारीक लिहिलेलं आहे: डॉक्टरने किमान पाच घनसेंटिमीटर रक्त घ्यावं, कातडी पुसायला किंवा सुई धुवायला स्पिरिट वापरू नये, बाटली मोहोरबंद करावी. माणूसच नाही तर नियम कुणाला लावणार? क्लीनर एकच घोकतोय, "ब्रेक फेल झाला साहेब. ब्रेक फेल."

तुम्ही गॅसबत्ती वर करून केबिनमध्ये बघता. गिअरचा दांडा मधोमध उभा आहे.

आता हे तुमचं पोस्टातलं ज्ञान नाही. पण खंडाळ्यात राहणाऱ्याला एवढं कळतं. गेल्या वर्षी तेलाचे भाव भडकल्यापासून उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायची सवय वाढलीय. ट्रक खालच्या गिअरमध्ये असला की इंजिनच त्याला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर. पहिली दोन वळणं ब्रेक धरतो, मग ड्रम तापतो, लायनर जळतो, आणि पाय दाबूनही काही लागत नाही. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक फेल झाला. खोटं बोलत नाही. पण ब्रेक आपोआप फेल झालेला नसतो.

तुम्ही चाचरत म्हणता, "साहेब, गिअर कुठे आहे ते लिहिलंय का?"

मामा तुमच्याकडे असं बघतात की तुम्ही त्यांचा चहा लांबवलाय. फौजदार केबिनमध्ये चढतात, दांडा हलवून न बघता आधी क्लीनरला विचारतात, कुणी हात लावला का. मग बोटाने हलवतात. डावीउजवीकडे सहज जातो. "धक्क्यानेही निसटू शकतो," ते तुम्हाला म्हणतात, "पण आपलं काम दिसलं ते लिहायचं. बाकी मोटार इन्स्पेक्टर बघेल." आणि पंचनाम्यात एक ओळ वाढते.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक येतो. ब्रेकच्या नळ्या शाबूत, फुटतूट नाही, लायनर जळून काळे. त्याचा अहवाल अर्ध्या पानाचा.

मग तुम्ही चार वर्षं पुढे जाता, कारण खटला तेवढं घेतो. १९७८, मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्ही. मामा फितूर झाले: सही माझी, मजकूर माहीत नाही. त्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. तुमचा उलटतपास मात्र लांबतो. पंचनामा ठाण्यात बसून लिहिला ना? कोऱ्या कागदावर सही घेतली ना? तुम्ही म्हणता, नाही, टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. आरोपीचा वकील विषय बदलतो. ट्रक कोण चालवत होतं, ते तुम्ही पाहिलं? नाही. क्लीनरनेही आता सांगून टाकलंय की तो झोपला होता आणि त्या रात्री दुसराच कुणी बदली ड्रायव्हर असावा. आरोपी सुटतो. अपघाताच्या फौजदारी खटल्यात पहिला प्रश्न वेगाचा नसतो, चाकामागे कोण बसलं होतं हा असतो, आणि आपले तपास इथेच सर्वांत जास्त ठेचकाळतात.

भरपाईचं प्रकरण मात्र वेगळ्या दालनात चाललंय. त्या बाई बऱ्या झाल्या आणि सहा महिन्यांची मुदत संपायच्या आत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे त्यांनी अर्ज केला. आणखी पन्नास वर्षं मागे, १९२४ मध्ये, याच वळणावर त्यांचा नवरा गेला असता, तर १८५५ चा कायदा हातात घेऊन दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागली असती आणि ट्रकमालक कफल्लक निघाला की सगळं व्यर्थ. परक्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला १९४६ मध्ये, आणि वेगळी न्यायाधिकरणं काढायची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने आली. मालक इथेही ब्रेक फेलचं पालुपद लावतो. पण आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, मुंबईतल्या एका लॉरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडीत छुपा दोष होता असं म्हणणाऱ्या मालकाने आपण गाडीची योग्य निगा राखली होती हे स्वतः सिद्ध करावं. मालकाकडे कागद नाहीत, आणि बाईंच्या वकिलाकडे जळालेल्या लायनरचा अहवाल आणि गिअरची ती एक ओळ आहे. बाईंना पैसे मिळतात.

आता एकदम जुलै २०२४. तोच घाट, पण रस्ता सहा पदरी, वर पाट्या, बोगदे, कॅमेरे. तुम्ही या वेळी नगरपालिकेतले लिपिक. गंभीर गुन्ह्यात सरकारी माणूस पंच म्हणून घ्यायची पद्धत आता रुळलीय. १ तारखेपासून नवीन संहिता लागू झाल्यात आणि या खेपेला पाठांतर वाचलेलं नाही. ३०४-अ गेलं, १०६ आलं. शिक्षा दोन वर्षांची पाच झाली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं पोटकलम कागदावर आहे, पण जानेवारीतल्या ट्रकचालकांच्या संपानंतर ते लागूच केलेलं नाही. १७४ चं १९४ झालं. उपनिरीक्षक, वय तिशीच्या आत, मोबाइलवर कलमांचा तक्ता उघडून बघते.

कंटेनर उतरताना मोटारींवर चढलाय. तोच वास. चालक पळालेला नाही, त्याला रक्ततपासणीला पाठवलंय आणि सोबत गेलेल्या शिपायाला सक्त ताकीद आहे की नजर हलवायची नाही. दोनच महिन्यांपूर्वी पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्री दोन तरुण अभियंते गेले आणि गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी डॉक्टरांना अटक झाली. सगळं पोलीस दल त्याने हादरलेलं आहे. उपनिरीक्षक चित्रण करते, ते सरकारी ॲपवर जागेच्या आणि वेळेच्या नोंदीसकट चढतं. टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळांवरून सरासरी वेग काढता येईल. ट्रकमालकाच्या जीपीएसवर वेगाची रेघ असेल. डॅशकॅमचं चित्रण मात्र लवकर ताब्यात घ्यायला हवं, नव्याखाली जुनं पुसलं जातं. प्राथमिक अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला, सविस्तर ९० दिवसांत. १९७४ च्या त्या बाईंना स्वतः शोधत फिरावं लागलेले कागद आता नियमाने चालत येतात. हे मोठं काम झालंय, ते मान्य केलंच पाहिजे.

पण मागे लांबच लांब रांग लागलीय. क्रेनवाला विचारतोय, उचलू का? वायरलेसवर वरून विचारणा, रस्ता मोकळा कधी? १९७४ मध्ये पाऊस पुरावा पुसत होता, आता क्रेन पुसते. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी आलंच पाहिजे असं नवीन संहिता म्हणते, पण सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. अपघाती मृत्यूची शिक्षा पाच. म्हणजे २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि असा मृत्यू नुसत्या १०६ खाली नोंदला की तज्ज्ञ येणं सक्तीचं नाही. कायदा करणाऱ्यांनी ही फट कशी राहू दिली, मला उमगत नाही.

उपनिरीक्षक अपघाताच्या नोंदीचा फॉर्म भरते. कारण? पर्यायांची यादी उघडते. बोट नेहमीच्या ठिकाणी जातं: अतिवेग. २०२२ मध्ये देशातले ७० टक्क्यांहून अधिक अपघात सरकारी अहवालात या एका शब्दाखाली जमा झाले. रायटरचं जुनं 'भरधाव' यादीत येऊन बसलंय, एवढाच बदल. तुम्ही पुन्हा चाचरता. "मॅडम, गिअर..." ती दोन क्षण तुमच्याकडे बघते, क्रेनवाल्याला हाताने थांबवते आणि केबिनची पायरी चढते.

तेव्हा एक विनंती. तुम्हाला कधी पंच म्हणून हाक आली तर नाही म्हणू नका, आणि गेलात तर मामा होऊ नका. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. अंतर कोणत्या पक्क्या खुणेपासून मोजलं, रस्ता ओला होता की कोरडा, ओरखडे होते की नव्हते, काचा कुठे पडल्या होत्या आणि गिअर कशात होता, हे लिहिलंय का ते विचारा. नसेल तर लिहायला सांगा. मजकूर पूर्ण वाचायला दहा मिनिटं लागतात. तेवढी मागून घ्या, मग सही करा.